‘बोलत नाही’ आणि ‘नाही’

परवा रात्री एका मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. तिच्या घरी मोठं आजारपण चालू आहे, आणि अशा वेळच्या फोनमध्ये बोलण्यापेक्षा थांबणंच जास्त असतं. एका वाक्याच्या मधेच ती थांबली. मीही थांबले. कानात बारीकशी सळसळ येत राहिली, रिकाम्या खोलीत असते तशी. ती ऐकू येत होती म्हणून मला कळत होतं की मैत्रीण तिथेच आहे. शब्द शोधते आहे, किंवा शोधायचंही सोडून नुसती बसली आहे. मग एकाएकी सळसळ तुटली. हळूहळू विरली असं नाही, कानात एकदम काहीच उरलं नाही. त्याच क्षणी माझ्या तोंडून निघालं, “हॅलो? अगं, आहेस ना?” फोन कट झाला होता. पुन्हा लावला, ती रडली, आम्ही उशिरापर्यंत बोलत राहिलो. ते सगळं झाल्यावर मात्र त्या दोन शांतता माझ्या डोक्यातून जाईनात. शब्द दोन्हींत नव्हता. तरी पहिलीत ती होती आणि दुसरीत नव्हती, आणि हा फरक समजायला मला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता.

सलत होतं ते वेगळंच. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्समधलं, त्यामुळे मला ठाऊक आहे की ती पहिली सळसळ तिच्या खोलीतून निघून माझ्यापर्यंत आलेली नसते. ती माझ्याच हातातला फोन तयार करतो. संभाषणात कुठलाही एक माणूस साधारणपणे निम्म्याहून कमी वेळ बोलत असतो. उरलेला वेळ त्याचा फोन उगाच प्रक्षेपण करत राहिला तर बॅटरी जाते आणि शेजारच्या फोनांना त्रास होतो. म्हणून मोबाइलमध्ये बोलणं थांबलं हे ओळखणारी एक व्यवस्था असते. मैत्रीण बोलायची थांबली की तिचा फोन आवाज पाठवणं बंद करतो आणि फक्त तिच्या आसपासच्या गुणगुणीचं वर्णन पाठवतो: किती मोठी, कुठल्या पट्टीतली. बोलण्याचे आकडे करणाऱ्या एएमआर नावाच्या पद्धतीत बोलण्याच्या वीस मिलिसेकंदांच्या एका तुकड्याला, उत्तम दर्जा असेल तर, २४४ बिट, म्हणजे तितके शून्य किंवा एक, लागतात. शांततेच्या वर्णनाला ३५. तेही दर १६० मिलिसेकंदांनी एकदाच. त्या पस्तीस बिटांवरून माझा फोन एक कृत्रिम खसखस रचतो आणि माझ्या कानात सोडतो. तिला ‘कम्फर्ट नॉइज’ म्हणतात. ती नसेल तर समोरचा थांबला रे थांबला की ऐकणाऱ्याला वाटतं, फोन कट झाला, आणि दोघं सारखे एकमेकांना हॅलो हॅलो करत बसतात.

म्हणजे त्या रात्री मला धीर देत होता तो माझ्या फोनमधला एक छोटा प्रोग्राम.

हे आठवल्यावर आधी थोडं वाईट वाटलं. मग वाटलं, त्यात फसवणूक तरी कुठे आहे? वर्णन तिच्याच खोलीचं होतं. ते येणं बंद झालं तेव्हाच माझ्या कानातली सळसळ बंद झाली. तिच्या असण्याची खबर माझ्यापर्यंत खरीच पोचत होती, फक्त आवाज इकडे बनत होता. दोन्ही भावना अजून माझ्या मनात शेजारी शेजारी आहेत. आणि त्यांच्या निमित्ताने मी शिकत असतानाच्या कितीतरी गोष्टी पुन्हा वर आल्या. सिग्नल, नॉइज, बिट, इनपुट, टाइमआउट, हे सगळे शब्द आम्ही पहिल्या वर्षात व्याख्यांसारखे पाठ केले होते. आज त्यांच्याकडे पाहताना मला त्या सगळ्यांखाली एकच प्रश्न वाहताना दिसतो: समोरून काही येत नाही, तर समोरचा बोलत नाहीये, की समोर कुणी नाहीच?

खरी, निखळ शांतता तारेत कधीच नसते, इथून सुरुवात करावी लागते. एक साधा रेझिस्टर, म्हणजे विद्युतप्रवाहाला रोध करणारा छोटा भाग, घ्या. बॅटरी नको, काही नको, नुसता टेबलावर ठेवलेला. त्याच्या दोन टोकांमध्ये अतिशय बारीक, सतत थरथरणारा व्होल्टेज असतो. आतले इलेक्ट्रॉन उष्णतेने इकडेतिकडे धडपडत असतात, त्याचा तो परिणाम. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी तो मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे निबंध १९२८ मध्ये आले. दोघांचाही जन्म स्वीडनमधला, हा मला उगीच आवडणारा तपशील. जॉन्सन यांनी वेगवेगळ्या पदार्थांचे, क्षारांच्या द्रावणांचेसुद्धा रोध तपासले. पदार्थ बदलला तरी नियम तोच राहिला. थरथर किती, हे ठरतं फक्त तापमानावर, रोधावर आणि आपण किती रुंद पट्टीत कान लावून बसलो आहोत त्यावर. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. ही पट्टी, म्हणजे बँडविड्थ, वाढवली की जास्त माहिती मावते, आणि त्याच दारातून जास्त खसखसही आत येते. रेडिओ अभियंत्यांना एक आकडा तोंडपाठ असतो: उणे १७४ डीबीएम, प्रत्येक हर्ट्झमागे. एक मिलिवॅट म्हणजे शून्य डीबीएम आणि दर दहा डीबीला दसपट, या हिशेबाने त्या आकड्याचा लहानपणा कळतो. खोलीच्या तापमानाला याच्या खाली शांतता मिळतच नाही. मी पहिल्यांदा अँप्लिफायरच्या इनपुटला नुसता रेझिस्टर जोडून, आवाज पूर्ण चढवून हेडफोनमधून ती ऐकली तेव्हा मला ती पावसासारखी वाटली होती. लांबवर, न थांबणारी, कुठल्याच थेंबाला वेगळं न करणारी. त्यात भर अँप्लिफायरची स्वतःचीही होती, पण तळाशी होती ती उष्णताच.

ही खसखस नको असते तेव्हा तिला दाबायचीही सोय आहे. वॉकीटॉकीवर कुणी बोलत नसताना एफएमचा रिसीव्हर कान फोडणारा खर्रर्र आवाज करतो, म्हणून त्यात ‘स्क्वेल्च’ असतो. समोरून सिग्नल येत नसेल तर तो स्पीकरच बंद ठेवतो. गोल बटण हळूहळू फिरवत जायचं आणि खरखर जिथे तुटेल तिथे थांबायचं. बोटांना ती जागा सवयीने सापडते. थोडं जास्त फिरवलं तर दूरचा, क्षीण आवाज खरखरीसोबतच गिळला जातो आणि आपल्याला कळतही नाही की कुणीतरी हाक मारत होतं. इथली शांतता आपण स्वतः ओढून घेतलेली असते, आणि तिच्यात कोण बुडालं ते दिसत नाही. याच्या उलट एक प्रथा जहाजांच्या रेडिओ खोल्यांमध्ये होती, आणि ती मला संदेशवहनाच्या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त भिडते. ५०० किलोहर्ट्झ ही संकटाच्या हाकेची वारंवारता. प्रत्येक तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत त्या वारंवारतेवर सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ऐकायचं. रेडिओ खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर ते तीन-तीन मिनिटांचे कप्पे लाल रंगाने भरलेले असत. काटा लाल कप्प्यात शिरला की कितीही महत्त्वाचा निरोप अर्धवट असला तरी हात थांबवायचा. एखाद्या जहाजाची बॅटरी संपत आली असेल, त्याचा आवाज इतरांच्या गर्दीत ऐकू येत नसेल, तर त्याच्यासाठी. १९९९ मध्ये उपग्रहांवर आधारलेली नवी व्यवस्था जगभर पूर्ण लागू झाली आणि ते लाल कप्पे निरुपयोगी झाले. व्यवस्था चांगलीच झाली, जीव जास्त वाचतात. तरी इतक्या माणसांनी ठरवून, एकाच वेळी, अनोळखी कुणासाठी गप्प बसावं, असं आपण पुन्हा काही रचलेलं मला ठाऊक नाही.

अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहिती मोजायची रीत दिली. मोजमापाचं एकक बिट; हे नाव जॉन ट्युकी यांनी सुचवलं, असं शॅनन यांनी स्वतःच नोंदवलं आहे. ती रीत अर्थाकडे बघतच नाही. बघते एवढंच, की याऐवजी दुसरं काय येऊ शकलं असतं. नाणं उडवून छापा आला तर एक बिट. दोन्ही बाजूंना छापाच असलेलं नाणं कितीही वेळा उडवलं तरी शून्य. हे एकदा मनात बसलं की शांततेचा हिशेब बदलतो. ज्या तारेवर कधी काही येणारच नाही ती गप्प असली तर तिच्यातून काही कळत नाही. जिच्यावर आत्ता काही येऊ शकलं असतं आणि आलं नाही, तिच्या गप्प राहण्यात माहिती असते, कधीकधी भरपूर. दार वाजलं नाही, धोक्याचा भोंगा झाला नाही, तपासणीच्या निकालाचा फोन आला नाही, या सगळ्या बातम्याच आहेत. पण एका अटीवर: वाजवणारं यंत्र शाबूत आहे याची खात्री हवी. तुटलेला भोंगाही तितकाच गप्प असतो.

आणि इथे इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिला धडा मिळतो तो न जोडलेल्या इनपुटचा. डिजिटल सर्किटमध्ये दोनच अवस्था असतात, शून्य आणि एक, असं शिकून आपण प्रयोगाला बसतो. वाटतं, ज्या पिनला तार लावली नाही तिथे शून्य असणार. काही नाही म्हणजे शून्य, इतकं साधं. पण आयसीच्या, म्हणजे चिपच्या, त्या पिनच्या आतला दरवाजा जवळपास संपूर्ण बंद असतो, त्यातून विद्युतप्रवाह म्हणावा असा वाहतच नाही, त्यामुळे हवेतून येणारा इवलासा विद्युतभारही तिला हलवायला पुरतो. ब्रेडबोर्डवर, म्हणजे प्रयोगाचं सर्किट जोडायच्या पाटीवर, एक एलईडी लावलेला असे, आणि हात जवळ नेला की तो लुकलुकायला लागे. हात मागे घेतला की कधी विझे, कधी पेटलेलाच राही. शेजारच्या टेबलावर कुणी दिवा लावला तरी त्याचं चित्त विचलित व्हायचं. शून्यही नाही आणि एकही नाही, अशा त्या लटकत्या अवस्थेला ‘फ्लोटिंग’ म्हणतात. शून्य असायलाही कुणीतरी ती तार शून्याला धरून ठेवावी लागते, हे त्या लुकलुकण्याने जितकं शिकवलं तितकं कुठल्या व्याख्येने शिकवलं नसतं. उपाय साधा असतो: दहा किलोओहमचा एक रेझिस्टर, एक टोक पिनला आणि दुसरं पुरवठ्याला. याला पुल-अप म्हणायचं. कुणीच काही म्हणत नसेल तेव्हा तो तारेला हलक्या हाताने ‘एक’वर धरून ठेवतो, आणि कुणी खरंच काही म्हणालं की लगेच वाट सोडतो. फिलिप्सने १९८२ मध्ये काढलेली आय-टू-सी बस, म्हणजे चिप्सना एकमेकींशी बोलू देणारी दोन तारांची वाट, या एका कल्पनेवर उभी आहे. तिच्या दोन्ही तारा रिकाम्या वेळी वर धरलेल्या असतात, आणि ज्याला बोलायचं असेल त्याने फक्त खाली ओढायचं.

पण माझ्या मते या प्रश्नाचं सर्वांत देखणं उत्तर कारखान्यांमध्ये सापडतं. टाकीतली पातळी, भट्टीचं तापमान, नळीतला दाब, असं काही दूरच्या नियंत्रण कक्षापर्यंत पोचवायचं असतं. त्यासाठी दोन तारांतून विद्युतप्रवाह पाठवतात. व्होल्टेज लांबच्या तारेत वाटेत गळतो. प्रवाह मात्र एकाच वेटोळ्यात सगळीकडे तेवढाच राहतो, म्हणून प्रवाह. टाकी भरली तर २० मिलीअँपिअर. अर्धी असेल तर १२. आणि रिकामी असेल तर? शून्य नव्हे. ४. रिकाम्या टाकीलाही चार मिलीअँपिअर बोलावं लागतं. वरवर पाहता हे मापाचा पाचवा हिस्सा वाया घालवणं आहे. पण त्यामुळे टाकी रिकामी आहे आणि तार तुटली आहे, या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. रिकामी टाकी चारवर उभी असते. तुटलेली तार शून्यावर. याला ‘लाइव्ह झिरो’ म्हणतात, जिवंत शून्य. विजेच्या आधी हेच काम नळीतल्या हवेच्या दाबाने चालत असे, तेव्हाही मोजमाप ३ पीएसआय (दाबाचं एकक) पासून १५ पर्यंत असे, शून्यापासून नव्हे. म्हणजे शहाणपण जुनं आहे, फक्त हवेतून तांब्यात आलं. पुढे त्यात आणखी बारकावा आला: ३.६ मिलीअँपिअरच्या खाली किंवा २१च्या वर आकडा गेला तर ते मोजमाप समजायचंच नाही, उपकरण आजारी आहे असं समजायचं. शिवाय टाकीवर बसलेलं उपकरण त्याच चार मिलीअँपिअरवर जगतं, त्याला वेगळा वीजपुरवठा लागत नाही. ‘माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही’ एवढं सांगत राहण्यानेच ते चालू राहतं. पॅनेलसमोर उभी राहून मी कितीदा तरी मीटरवर ४.०० हा आकडा पाहिला आहे, आणि दर वेळी बरं वाटलं आहे.

तारयंत्राच्या काळातही हे लोकांना उमगलं होतं. अमेरिकी तारमार्गांवर कुणी काही पाठवत नसताना प्रवाह चालू असे आणि निरोप पाठवताना तो तोडत असत. त्यासाठी कळीच्या बाजूला एक छोटी पट्टी असे. निरोप संपला की ऑपरेटरने ती सरकवून सर्किट जोडून ठेवायचं, नाहीतर त्या मार्गावरचं प्रत्येक ठाणं मुकं व्हायचं. ही सवय संगणकाच्या सीरियल पोर्टमध्ये उतरली: त्यातल्या आरएस-२३२ या पद्धतीची तार रिकामी असते तेव्हा ‘एक’वर असते, आणि तो एक उणे व्होल्टचा असतो. मात्र रिकामं राहण्यात आणखी एक धोका आहे. आवाज नसला की ऐकणाऱ्याचं वेळेचं भान सुटतं. समोरून एकसारखी अवस्था येत राहिली तर तिच्यात शंभर बिट होऊन गेले की एकशे एक, हे घेणाऱ्याच्या घड्याळाला सांगता येत नाही, कारण दोन घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. यूएसबीमध्ये ‘एक’ म्हणजे तारेवर काहीही न बदलणं. म्हणून सलग सहा ‘एक’ आले की पाठवणारा मुद्दाम एक शून्य घुसडतो, केवळ हालचाल व्हावी म्हणून, आणि घेणारा ते ओळखून काढून टाकतो. त्या शून्याला काही अर्थ नसतो. भिंतीवरच्या नेटवर्कच्या सॉकेटशेजारी जो हिरवा दिवा असतो, त्याच्याही मागे असंच आहे: जुन्या इथरनेटमध्ये डेटा नसताना दर १६ मिलिसेकंदांच्या आसपास एक नाडी सोडली जात असे, आणि शंभर मेगाबिटवाल्यात तर रिकामेपणाची खूण अखंड वाहत असते.

इथपर्यंत सगळं तारेचं होतं. तार एकच असली तर असण्या-नसण्याचा उलगडा होतो. नेटवर्कमध्ये मात्र दोन टोकांच्या मध्ये अनेक तारा, अनेक यंत्रं, अनेक रांगा येतात, आणि प्रश्न खरोखर अवघड होतो. दोन संगणकांनी टीसीपी या इंटरनेटच्या नियमावलीने जोडणी केली, मग कुणी काहीच पाठवलं नाही, तर त्या जोडणीवर एकही पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, फिरत नाही. मधली केबल उपटली आणि तासाभराने पुन्हा लावली तरी दोघांनाही पत्ता लागत नाही. आणि एक संगणक मधेच बंद पडून गेला तर दुसरा, न विचारता, अनंत काळ त्याला जोडलेलाच समजतो. पाठवायला काही असेल तेव्हा परिस्थिती जरा बरी: पोच आली तर पोचलं. नाही आली तर मात्र तीन शक्यता उरतात. निरोप हरवला, किंवा पोच हरवली, किंवा दोन्हींपैकी एक अजून वाटेवर आहे आणि फक्त उशीर झाला आहे. पाठवणाऱ्याला या तिन्ही सारख्याच दिसतात. त्याच्याकडे एकच साधन असतं, टाइमआउट: इतका वेळ वाट पाहायची आणि मग हरवलं असं धरायचं. १९८६च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलंच विद्यापीठ, हाकेच्या अंतरावरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. रांगा तुंबल्या होत्या, पॅकेट उशिरा पोचत होती, आणि पाठवणारे संगणक उशिराला हरवणं समजून तीच पॅकेट पुन्हा पुन्हा त्याच तुंबलेल्या वाटेवर टाकत होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर जे लिहिलं त्यात इतर उपायांबरोबर एक हाही होता, की वाट किती पाहायची हे ठरवताना नुसती सरासरी धरू नका, उत्तर यायला लागणारा वेळ किती मागेपुढे होतो तेही मोजा. ज्याच्या उत्तरांची वेळ बेभरवशाची, त्याच्यासाठी जास्त थांबा. तरीही उत्तर नाही आलं तर पुढच्या वेळी दुप्पट थांबा. मला हा नियम संगणकशास्त्रातला सर्वांत दयाळू नियम वाटतो. त्याआधी, १९८५ मध्ये, फिशर, लिंच आणि पॅटरसन या संगणकशास्त्रज्ञांनी सिद्ध केलं होतं की निरोपाला किती उशीर होईल याला मर्यादाच नसेल, तर एकच यंत्र बंद पडण्याची शक्यताही सगळ्यांना ठरावीक रीतीने, हमखास एकमतावर येऊ देत नाही. मुळाशी अडचण तीच: मंद आणि मृत यांत फरक करता येत नाही.

नासाच्या व्हॉयेजर-१ या अंतराळयानाचं उदाहरण मी यासाठी मनाशी जपून ठेवलं आहे. १९७७ मध्ये निघालेलं ते यान आता २,४०० कोटी किलोमीटरांच्या पलीकडे आहे. सिग्नलला इकडे यायला साडेबावीस तासांहून जास्त लागतात. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्याकडून डेटा येणं थांबलं. रेडिओलहर येत होती, अगदी जागच्या जागी, पण तिच्यावर शून्य आणि एकांची एकच निरर्थक नक्षी फिरून फिरून येत होती. म्हणजे यान जिवंत होतं, पृथ्वीकडे तोंड करून होतं, आणि काही म्हणत नव्हतं. मार्चमध्ये एका आज्ञेला उत्तर म्हणून त्याने आपल्या एका संगणकाची सगळी स्मृती पाठवली, तेव्हा कळलं की त्यातली एक चिप गेली आहे आणि तिच्यातला थोडा प्रोग्राम तिच्यासोबत गेला आहे. अभियंत्यांनी तो प्रोग्राम तुकडे करून उरलेल्या जागेत बसवला. १८ एप्रिल २०२४ ला दुरुस्ती पाठवली, २० एप्रिलला यान पुन्हा स्वतःच्या तब्येतीविषयी बोललं. इतके महिने तो गट चिकाटीने बसला, कारण लहर येत होती. त्याआधी, २०२३च्या जुलैमध्ये, जोडीच्या व्हॉयेजर-२चं उलटं झालं होतं: एका आज्ञेमुळे त्याचा अँटेना पृथ्वीपासून दोन अंश बाजूला वळला आणि संपर्क तुटला. काही दिवसांनी मोठ्या डिशांनी त्याची पुसटशी लहर शोधून काढली, मग ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या केंद्रातून आज्ञा जोरात पाठवली गेली, आणि ती यानाने ऐकली. ती ऐकली नसती तरी एक आशा होती. ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या तारखेला यान आपणहून स्वतःची दिशा तपासून घेणार होतं. कुणी हाक मारो वा न मारो, ठरावीक काळाने पृथ्वीकडे तोंड वळवायचं, असं त्याला शिकवून ठेवलेलं आहे.

टीसीपीत ‘अजून आहेस ना?’ असं रिकाम्या वेळी विचारायची सोय आहे, कीपअलाइव्ह नावाची, पण ती वादग्रस्त राहिली आहे. इंटरनेटवरच्या संगणकांनी काय पाळावं हे सांगणारा १९८९चा जो दस्तऐवज आहे, त्यात ती मुळात बंद ठेवावी आणि चालू केलीच तर मूळची वेळ दोन तासांपेक्षा कमी नसावी, असं लिहिलं आहे. कारणंही दिली आहेत. विचारणा नेमकी क्षणभराच्या बिघाडात गेली तर एक धडधाकट जोडणी उगाच तुटेल. आणि जोडणी कुणी वापरतच नसेल, तर ती शाबूत आहे की नाही याचं कुणाला काय? पहिलं कारण मला पूर्ण पटतं. विचारलं नसतं तर तो बिघाड येऊन गेलाही असता आणि कुणाला कळलं नसतं. दुसरं पटत नाही. पाठवायला काही नसलं तरी पलीकडे कुणी आहे हे माहीत असण्याची गरज असते. चार मिलीअँपिअर त्याच गरजेसाठी वाहतात. त्याच दस्तऐवजात पुढे एक सक्त सूचना आहे: नुसत्या पोचा वाटेत हरवू शकतात, तेव्हा कुठल्याही एका विचारणेला उत्तर आलं नाही म्हणून समोरचा मेला असं समजायचं नाही. लिनक्स या संगणकप्रणालीत ती सूचना आकड्यांत उतरली आहे. दोन तास शांतता गेली की पहिली विचारणा, उत्तर नाही तर दर ७५ सेकंदांनी पुन्हा, अशा नऊ, आणि नवव्यालाही उत्तर नसेल तरच जोडणी सोडायची. हे तिन्ही आकडे ज्याला हवे त्याला बदलता येतात. माझ्या ताब्यात जी यंत्रं आहेत त्यांच्यावर मी दोन तासांची दहा मिनिटं केली आहेत. नऊ नऊच ठेवले आहेत.